छप्पर, भाकरी आणि मुलीचे मन

१८९३ साली पुण्यातल्या शारदा सदन या मुलींच्या निवासी शाळेत एका उघड्या दारावरून मोठा वाद पेटला. दार होते सदनाच्या प्रमुख पंडिता रमाबाईंच्या खोलीचे. आपली लेक मनोरमा हिला जवळ घेऊन त्या तिथे बायबल वाचत, प्रार्थना करत. त्या वेळी दार लावून घेत नसत. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाई त्यांना बोलवत नव्हत्या आणि आल्या तर जा म्हणत नव्हत्या.

सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटलेली ही माणसे. इथे धर्म शिकवला जाणार नाही, या भरवशावर त्यांनी या संस्थेला आपले नाव दिले होते आणि त्यांच्या नावाकडे पाहून आईबापांनी मुली पाठवल्या होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते : ज्या बाईच्या हाती मुलींचे जेवणखाण, झोपणे-उठणे, शिक्षण आणि उद्याची सगळी आशा आहे, तिने दार उघडे ठेवले म्हणजे तेच आमंत्रण झाले. रमाबाईंचे म्हणणेही तितकेच सरळ होते : मी कुणावर सक्ती केलेली नाही. हिंदू मुलीला आपली पोथी वाचायची मोकळीक आहे. मग माझ्याच घरात मी माझा देव लपवून का ठेवावा?

मंडळाने राजीनामा दिला. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. सदन मोडते की काय, अशी वेळ आली.

या वादात दोन्ही बाजू खऱ्या होत्या, असे मला वाटते, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही तो शिळा झालेला नाही. कोणत्याही धर्माच्या प्रेरणेने चाललेले मुलींचे वसतिगृह घ्या. मिशनचे बोर्डिंग असो, जैन श्राविकाश्रम असो, मठाचे वा मदरशाचे निवासी विद्यालय असो, त्याच्या प्रमुखबाईपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. दिवसाच्या शाळेतली मुलगी संध्याकाळी घरी जाते. बाईंचे सगळे पटले नाही तर आईच्या कुशीत शिरते. बोर्डिंगमधल्या मुलीला संध्याकाळही तिथेच काढायची असते. चोवीस तास दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या मुलीचे मन तिचे स्वतःचे कसे राहील? हा प्रश्न रमाबाईंनी दोन्ही टोकांनी अनुभवला. आधी आश्रित म्हणून आणि पुढे प्रमुख म्हणून. त्यामुळे या कामाची थोरवी आणि त्यातला धोका समजून घ्यायला त्यांच्याइतके बोलके उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

वाँटेजची विद्यार्थिनी

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि या अपराधाबद्दल समाजाचा रोष ओढवून घेतला. गंगामूळच्या रानातला आश्रम सोडून हे कुटुंब पुराणे सांगत गावोगाव फिरले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी चालत, उपाशीतापाशी, १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत, १८८२च्या फेब्रुवारीत, पतीही कॉलऱ्याने गेले. पदरात मनोरमा होती. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिकांची आणि स्त्रीडॉक्टरांची गरज मांडली आणि १८८३मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या.

वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या. राहण्या-जेवण्याची सोय त्या भगिनींचीच. पुण्याहून सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपले आयुष्य संपवले. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील, ही भीती त्यांच्या मनात बसली होती, असे मॅक्स म्युलर यांनी नोंदवले आहे. तशी सक्ती झाल्याचा पुरावा नाही. पण सक्ती झाली नाही म्हणून भीती खोटी ठरत नाही. परक्या मुलखात, परक्या अन्नावर जगणाऱ्या माणसाला यजमानाचा निव्वळ प्रेमळ आग्रहही जड होऊ शकतो. धार्मिक निवासी संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने आनंदीबाईंचे नाव लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. त्यांचा आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आला. तो वाचताना एका आश्रित बाईचा कणा किती ताठ असू शकतो, ते दिसते. मांसाहार त्या करत नव्हत्या आणि केला नाही. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपल्या लोकांना कळतील अशी संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे तरुण मुलग्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. तेव्हा रमाबाईंनी स्पष्ट लिहिले की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी तेवढ्याच धीराने त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. विद्यार्थिनीच्या शंकेला शिक्षा न करता तिला उत्तर देणारी प्राचार्या कशी असते, हे रमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले.

दोन मुलींची शाळा

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. या मुक्कामात त्यांनी दोन कामे केली. पहिले काम पैशांचे. १८८७मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले, ते स्वतः विकले, गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षे शाळेचा खर्च चालवण्याचे वचन दिले. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे होती, म्हणून शाळा कोणत्याच पंथाची नसेल असे ठरले. दुसरे काम शिकण्याचे. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तरुण विधवेला ही पद्धत शिकवली तर ती शिक्षिका म्हणून स्वतःचे पोट भरू शकेल, हे त्यांनी हेरले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोनच : शारदा गद्रे आणि गोदूबाई नातू. गोदूबाई बालविधवा. लहानपणीच वैधव्य आलेले आणि आता विशी ओलांडलेली. भाऊ नरहरपंत जोशी यांनी हिंमत करून त्यांना इथे आणले.

वसतिगृहाच्या प्रमुखबाईचे काम कसे असते, ते या काळातल्या रमाबाईंच्या दिनक्रमात पाहावे. स्वयंपाक ब्राह्मणी सोवळ्याच्या रीतीने होईल, कुणाच्या जातिनियमाला धक्का लागणार नाही, अशी तजवीज करायची. त्या स्वतः ख्रिस्ती, म्हणजे स्वतःच्या संस्थेच्या चुलीशी जाणे त्यांना वर्ज्य. घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या, केस काढलेल्या मुलींना आधी मान वर करून बोलायला शिकवायचे, अक्षरे त्यानंतर. सासरहून आलेल्या पत्रांना उत्तरे द्यायची. बोस्टनला हिशेब पाठवायचा. पुण्यामुंबईच्या सल्लागारांची मर्जी राखायची. वर्तमानपत्रांतल्या टीकेला तोंड द्यायचे. आणि रात्री एखादी मुलगी रडत उठली तर तिच्याजवळ बसायचे. व्यवस्थापक, शिक्षिका, खजिनदार आणि आई ही चारही कामे एकाच बाईच्या वाट्याला. यातल्या पहिल्या तिघींची नेमणूक करता येते. चौथीची करता येत नाही. ती मुली ठरवतात.

१८९०च्या अखेरीस सदन पुण्याला हलले. मुंबईचा खर्च झेपत नव्हता आणि मुली मुख्यतः पुण्याकडच्या ब्राह्मण घरांतल्या होत्या. पण पुणे म्हणजे ‘केसरी’चे गाव. सदनात धर्मांतर होणार, असा संशय ‘केसरी’ आधीपासून बोलून दाखवत होता. ‘आम्ही तटस्थ आहोत’ हे उत्तर पुण्यात पुरेसे पडले नाही.

वचन तेच, माणूस बदललेला

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १८८९मध्ये धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन देणाऱ्या रमाबाई आणि १८९३मध्ये उघड्या दाराचा हक्क सांगणाऱ्या रमाबाई आतून वेगळ्या होत्या. १८९१च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेत मोठे स्थित्यंतर झाले. तोवर ख्रिस्ती मत त्यांना बुद्धीने पटले होते. आता आपल्याला ख्रिस्त प्रत्यक्ष भेटला, असे त्या सांगू लागल्या. वचन तेच राहिले, ते देणारी व्यक्ती बदलली.

श्रद्धेवर उभ्या असलेल्या संस्थांमध्ये हे वरचेवर घडते. संस्थापक माणूस जिवंत असतो, त्याची श्रद्धा वाढते, खोल जाते, कधी वळण घेते. पण आईबापांनी मुलगी सोपवली ती आधीच्या शब्दावर. अशा वेळी प्रमुखाने काय करावे? आपला बदल दडवून ठेवला तर तो ढोंगीपणा होतो. बदलाप्रमाणे संस्था वळवली तर विश्वासाला तडा जातो. रमाबाईंनी मधली वाट धरली. वर्गात धर्म नाही, माझ्या खोलीत आहे. ही वाट टिकणारी नव्हती. प्रमुखबाईची खोली ही वसतिगृहात कधीच निव्वळ खासगी खोली नसते. रानडे-भांडारकरांना हे दिसले, आणि त्यांचे हे म्हणणे मला पटते.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. वाद पेटलेल्या त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, गोदूबाई नातूंचे लग्न पुण्यात झाले. वर होते फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. रमाबाईंचा या विवाहाला पूर्ण पाठिंबा होता. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, जवळपास चार वर्षे त्यांच्या मायेत वाढलेली. ती ख्रिस्ती झाली नाही. ती हिंदू राहिली, आनंदीबाई कर्वे झाली, पुढे साऱ्या महाराष्ट्राची ‘बाया’ झाली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात तिने आपले आयुष्य स्वतःच्या शब्दांत मांडले. रमाबाईंवर झालेल्या आरोपांना याहून चांगले उत्तर कोणत्याही जाहीर पत्रकात सापडणार नाही. ज्या घरात चार वर्षे काढून मुलगी स्वतःचा धर्म आणि स्वतःचा नवरा स्वतः निवडते, त्या घराने तिचे मन मोडलेले नाही.

अर्थात गोदूबाईंना पाठीशी भाऊ होता. सदनाबाहेर एक दार त्यांच्यासाठी उघडे होते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

दुष्काळाच्या मुली

बोस्टनचे वचन १८९८मध्ये संपणार होते. ते संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी आधीच पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. संत्री, लिंबे, आंबे यांच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा बेत होता. निवासी संस्थेच्या प्रमुखाला द्रष्टेपण लागते म्हणतात, ते बहुधा असेच असते. देणगी चालू असतानाच ती थांबल्यानंतरच्या दिवसाचा विचार करणे.

मात्र बागेला फळे धरण्याआधी दुष्काळ आला. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरत होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत निराधार मुलींवर टपलेले दलाल त्यांनी पाहिले. त्यांना स्वतःचे बालपण आठवले असणार. दुष्काळात आईबाप गमावलेली, भुकेने पायपीट केलेली मुलगी त्या स्वतःच होत्या. त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली शहरात ठेवता येत नव्हत्या. मग केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली.

या मुली शारदा सदनातल्या मुलींसारख्या नव्हत्या. नाना जातींच्या, निरक्षर, हाडांचे सापळे झालेल्या, कित्येकींच्या अंगावर रोग. वाडग्यातले अन्न कुणी हिसकावून घेईल म्हणून झडप घालणाऱ्या. त्यांना सांभाळायला माणसे कुठून आणायची? रमाबाईंनी शारदा सदनातल्या शिकलेल्या मुलींना पुढे केले. कालच्या विद्यार्थिनी आज शिक्षिका झाल्या, पालक झाल्या. एकेकीच्या हाताखाली मुलींचा गट दिला. अंघोळ घालणे, केस विंचरणे, जखमा धुणे, अक्षर गिरवून घेणे. ज्यांना घरांनी ओझे मानले होते, त्याच विधवा शेकडो मुलींच्या आया झाल्या. रमाबाईंच्या सगळ्या कामात मला ही व्यवस्था सर्वांत हुशारीची वाटते. ज्याच्यावर उपकार झाला त्याला या व्यवस्थेने उपकार करण्याची संधी दिली, आणि उपकाराचे ओझे तिथेच हलके झाले.

याच काळातली एक घटना प्रमुखबाईच्या धैर्याची साक्ष देते. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बाबतीत घोर हलगर्जी झाली, तिची अब्रू आणि आयुष्य वाऱ्यावर सोडले गेले, असे रमाबाईंनी १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीरपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. परवानगी, जमीन, रेल्वे, दुष्काळी मुली, सगळ्यासाठी ज्या सरकारशी रोज गाठ, त्या सरकारला एका अनाथ मुलीसाठी उघड जाब विचारणारी ही बाई होती. संस्थेचे नाव सांभाळण्यासाठी मुलीचे दुःख दाबून टाकण्याचा मोह आजही अनेक वसतिगृहांना होतो. रमाबाईंनी ते दुःख कागदावर उघड केले.

पाठोपाठ १८९९-१९००चा दुष्काळ आला, गुजरातेतून मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या वस्तीला विहिरी खणाव्या लागल्या, धान्याची कोठारे, दवाखाना, शाळा बांधावी लागली. निरनिराळी सदने झाली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी वेगळे घर. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपीत वाचायला शिकवले. विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, पुस्तकबांधणी, छापखाना, प्रत्येक मुलीच्या हाताला काही ना काही काम होते. प्रमुख बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या माणसांना कळेल अशा मराठीत उतरवले. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले आणि छपाईही त्यांनीच केली. जिच्या आईला संस्कृत शिकवल्याबद्दल कुटुंबाला समाजाचा रोष सोसावा लागला होता, तिच्या छापखान्यात दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली अक्षरे जुळवत होत्या.

जिथे दुसरे दार नव्हते

मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. तटस्थतेचे वचन तिने दिलेलेच नव्हते. त्या अर्थाने ती शारदा सदनापेक्षा प्रामाणिक होती. आम्ही कोण आहोत, हे दारावरच लिहिले होते. १९०५मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. रात्र रात्र प्रार्थना चालल्या, शेकडो मुली रडत, गात, पापांची कबुली देत होत्या. जगभरच्या ख्रिस्ती लोकांना त्यात पवित्र आत्म्याचे काम दिसले. अनेक मुलींना त्यातून नवे बळ मिळाले यावर शंका घेण्याचे कारण नाही. जिला जगाने टाकले तिला देवाने जवळ केले, ही जाणीव साधी नव्हे.

आणि तरी गोदूबाईंच्या पाठीशी असलेला भाऊ मला इथे आठवत राहतो. दुष्काळातून आलेल्या मुलीला भाऊ नव्हता, माहेर नव्हते, परत जायला गाव उरले नव्हते. तिला भाकरी देणारी, कपडा देणारी, अक्षर देणारी आणि देव देणारी व्यक्ती एकच होती. तिच्याभोवती शेकडो मुली एका सुरात प्रार्थना करत असताना ती ‘नाही’ म्हणाली असती तर तिला कुणी हाकलले नसते, असे मी मानतो. पण ‘नाही’ म्हणता येते, हे तिला कळणार कसे? शारदा सदनात रमाबाईंच्या सत्तेवर तीन पहारे होते : सल्लागार मंडळ, पालक आणि ‘केसरी’. ते पहारे जाचक होते, कित्येकदा अन्यायीही होते. मुक्तीत त्यांतला एकही उरला नाही. तिथे पहारा द्यायला रमाबाईंची सदसद्विवेकबुद्धी तेवढी होती. ती थोर होती. पण एका माणसाच्या थोरपणावर सगळा भरवसा ठेवणारी रचना धोक्याचीच असते. पुढचा माणूस तितका थोर असेलच, असे नाही.

जावई कर्व्यांनी याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. जावई म्हणतो, कारण सदनाची लेक त्यांच्या घरी आली होती. १८९६मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. लोकांचा विश्वास टिकावा म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे स्वतः पुनर्विवाह केलेल्या या माणसाने ठरवले. ‘बाया’ कर्वे यांची बहीण पार्वतीबाई आठवले तिथे आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कारभारात उतरल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी जमवू लागल्या. समाजाच्या चालीरीतींना सांभाळून चालणारी ही वाट हळू होती. तिच्यावर दलित-बहुजन घरांतल्या मुली फारशा नव्हत्या. केडगावला मात्र जात विचारली जात नव्हती. ज्यांना कुणीच घेत नव्हते त्या मुली रमाबाईंनी घेतल्या. हिंगण्याने समाजाचा विश्वास जपला, केडगावने समाजाच्या कुंपणाबाहेरच्यांना जवळ केले. दोन्ही कामांची महाराष्ट्राला गरज होती. आणि दोन्हींच्या मुळाशी शारदा सदन होते, हे आपण विसरतो.

उत्तराधिकार आणि आज

मनोरमाबाई आईच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. शारदा सदनाच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. गुलबर्ग्यासारख्या मागे पडलेल्या भागात शाळा उभारण्यातही त्यांचा वाटा होता. कारभार त्यांच्याकडे जाणार, असे सगळे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्यांचे अकाली निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मराठी बायबलाचे काम त्यांनी अखेरच्या दिवसांत पुरे केले आणि १९२४मध्ये ते समग्र प्रसिद्ध झाले.

केडगाव स्थानकात आजही दौंडकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात आणि मुक्ती मिशन आजही तिथे उभे आहे. आई आणि लेक वर्षभराच्या आत गेल्यावरही संस्था टिकली. एकहाती उभ्या केलेल्या संस्था बहुधा त्या हाताबरोबर संपतात. ही टिकली, कारण रमाबाईंनी मुलींना सांभाळून घ्यायला शिकवले तसे सांभाळायलाही शिकवले होते.

आज कायदे बदलले आहेत. अशा संस्थांना बाल न्याय कायद्याखाली नोंदणी करावी लागते, बालकल्याण समितीची देखरेख असते. २०१२च्या पॉक्सो कायद्याने मुलीवरचा अत्याचार दडपून ठेवणे हाही गुन्हा ठरवला आहे. संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८चा तिसरा खंड सांगतो की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. १८९३मध्ये रानडे-भांडारकर जे मागत होते ते १९५०मध्ये देशाचे कलम झाले.

पण कलमातली ती ओळ पुन्हा वाचा. संमती पालकाची. ज्या मुलीचे पालक जिवंत आहेत आणि महिन्याकाठी भेटायला येतात, तिला हे कलम संरक्षण देते. जिला पालकच नाही, जिची पालक म्हणून कागदावर वसतिगृहाच्याच प्रमुखबाईंची सही आहे, तिच्या वतीने संमती कोण देणार? संमती मागणारी आणि देणारी व्यक्ती एकच झाली तर त्या संमतीला अर्थ काय उरतो? केडगावच्या दुष्काळी मुलींच्या बाबतीत हाच पेच होता आणि आजच्या अनाथ, आदिवासी, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलींच्या बाबतीतही तो तसाच आहे. मग संस्था कोणत्याही धर्माची असो.

श्रद्धा बाहेर ठेवून ही वसतिगृहे चालवा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. जिथे सरकार पोहोचले नाही आणि शेजाऱ्यांनी दार लावून घेतले, तिथे श्रद्धेनेच माणसे तंबू ठोकून राहिली. पगारासाठी कुणी खरूज झालेल्या मुलीचे डोके रोज वर्षभर धूत नाही. रमाबाईंना ते बळ त्यांच्या ख्रिस्ताने दिले, पार्वतीबाईंना त्यांच्या सेवाव्रताने. हे बळ काढून घेतले तर पुष्कळ मुली पुन्हा रस्त्यावर येतील.

म्हणून माझी अपेक्षा प्रमुखबाईंकडून आहे. आपली श्रद्धा त्यांनी उघड सांगावी, आईबापांना आणि मुलींना आधीच सांगावी. वचन बदलायची वेळ आली तर तेही आधी सांगावे. आपल्या सत्तेवर बाहेरचा पहारा आपण होऊन मागून घ्यावा, तो जाचला तरी. प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलीसाठी त्या वेळी दुसरी जागा, दुसरे काम, दुसरी सोबत ठरलेली असावी आणि तिच्या ताटात, शिष्यवृत्तीत, शिफारशीत तसूभर फरक पडू नये. प्रत्येक मुलीला असे शिक्षण आणि असा धंदा द्यावा की, अठराव्या वर्षी तिला राहण्यावाचून गत्यंतर नाही असे होऊ नये. आणि गोदूबाई नातूंसारखी एखादी मुलगी आपल्या देवाला नमस्कार न करता दुसऱ्या वाटेने निघाली, तर तिच्या लग्नाला आनंदाने उभे राहावे. अशा मुली किती निघाल्या आणि त्यांना किती मायेने निरोप मिळाला, यावरून मी त्या वसतिगृहाची पारख करीन.